मतभेदाला नाव देणारे रिद्धपूर

तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात मराठी भाषेविषयी काही पायाभूत निर्णय झाले. शास्त्र संस्कृतात लिहायचे की लोकांच्या बोलीत, गुरूच्या शब्दांत लिहिणाराचे शब्द मिसळू द्यायचे की ते वेगळे ठेवायचे, एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर कोणती खरी धरायची, हे त्यातले मुख्य प्रश्न. हे निर्णय कोणा राजाच्या आज्ञेने झाले नाहीत आणि कोणा पीठाच्या शिक्क्यानेही झाले नाहीत. महानुभाव पंथाच्या पहिल्या पिढीतल्या स्त्री-पुरुषांनी एकमेकांना प्रश्न विचारून, उत्तरे तपासून, कधी मागे सरून ते घेतले. भाषेच्या घडणीवर वाद अनेक समाजांत झाले आहेत. रिद्धपूरच्या वादाचे मोल असे की त्याची नोंद उरली, आणि ज्यांचे म्हणणे मागे पडले त्यांची नावेही त्या नोंदीत शाबूत आहेत.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. यादवांच्या काळात ते देवळांनी भरलेले गाव होते. जवळच्या काटसुरे गावात जन्मलेले गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, इथे राहत. भडोचहून आलेले पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी त्यांना गुरुस्थानी मानत. चक्रधरांची मातृभाषा गुजराती, पण त्यांनी उपदेश केला तो मराठीत, आणि तोही गावोगाव फिरत, समोर जो असेल त्याच्या बोलीत. त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. 1274च्या सुमारास ते उत्तरेकडे निघून गेले असे पंथ मानतो. त्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवांच्या मागोमाग रिद्धपुरास आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पंथात नागदेवांना भटोबास म्हणत. ते पंथाचे पहिले आचार्य.

या मंडळींपुढची अडचण मोठी होती. गुरू गेलेला, लिहिलेले काही नाही, आणि उपदेश पन्नास ठिकाणी विखुरलेला. पैठणला एकाने काही ऐकले, डोमेग्रामला दुसऱ्याने काही. कोणाला दृष्टांत आठवत होता पण तो कशावरून निघाला हे आठवत नव्हते. कोणाला प्रसंग आठवत होता पण त्यातले नेमके वाक्य निसटले होते. प्रत्येकाजवळ एक तुकडा होता आणि प्रत्येकाला आपला तुकडा प्रिय होता. अशा वेळी बहुतेक समुदायांत जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सर्वांची होते. रिद्धपुरात तसे झाले नाही, याचे बरेचसे श्रेय म्हाइंभटांना जाते.

म्हाइंभट गोदाकाठच्या सराळ्याचे, शास्त्र शिकलेले विद्वान. चक्रधरांकडे ते पहिल्यांदा आले ते विद्येच्या अभिमानाने, वाद करून जिंकण्यासाठी. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते दोघांना मिळून ठरवायचे असेल तर तो वाद. जिंकणे हाच हेतू असेल तर जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची असेल तर वितंडा. म्हाइंभट जल्पाच्या तयारीने आले आणि शिष्य होऊन राहिले. शास्त्रार्थाच्या आखाड्यात तयार झालेला हाच माणूस पुढे पंथाचा चरित्रकार झाला, ही गोष्ट त्यांनी लिहिलेल्या लीळाचरित्राच्या घडणीत फार महत्त्वाची वाटते. प्रमाण मागण्याची सवय त्यांनी सोडली नाही. फक्त ती आता प्रतिपक्षाला पाडण्यासाठी न वापरता आठवण पारखण्यासाठी वापरली.

परंपरा सांगते ती हकिकत अशी. नागदेव एकांतात स्मरण करीत बसलेले असत. कशाचे चिंतन चालले आहे, असे म्हाइंभटांनी विचारले. स्वामींच्या लीळा आठवतो आहे, असे उत्तर मिळाले. मग पुढच्या लोकांसाठी त्या लिहून का ठेवू नयेत, असा प्रश्न म्हाइंभटांनी टाकला आणि नागदेवांनी ते मान्य केले. रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या देवळात हे काम उभे राहिले. म्हाइंभट प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जात, त्यांच्या तोंडून प्रसंग घेत, आणि नागदेवांपुढे ठेवून पडताळून घेत. 1278च्या सुमारास तयार झालेले लीळाचरित्र हा मराठीतला पहिला चरित्रग्रंथ. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग आहेत. त्याची वाक्ये आखूड आहेत, बोलण्याच्या लयीत आहेत, आणि कोण कोणाशी काय बोलले हे त्यात जवळजवळ नाटकासारखे उभे राहते. ऐकणाराची शंका, स्वामींचे उत्तर, त्यावर पुन्हा शंका, असा क्रम पानोपानी येतो. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र, म्हणजे रिद्धपूरलीळा, 1288च्या सुमारास याच पद्धतीने लिहिले.

भाषेचा खरा तंटा उभा राहिला तो केशिराजबासांमुळे. पंथ त्यांना केसोबास म्हणतो. ते संस्कृतात सहज रचना करणारे पंडित होते आणि त्यांची संस्कृत रत्नमाला प्रसिद्ध आहे. गंभीर शास्त्र टिकवायचे तर ते संस्कृतात हवे, ही त्या काळच्या कोणत्याही विद्वानाची स्वाभाविक समजूत होती, आणि ती पोकळ नव्हती. संस्कृताला बांधलेले व्याकरण होते, सूत्रशैलीची हजार-दीड हजार वर्षांची परंपरा होती आणि काशीपासून कांचीपर्यंत वाचक होते. मराठीला यातले काहीच नव्हते. केसोबासांनी पंथाचे शास्त्र संस्कृतात आणायला घेतले, तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले.

या अडवणुकीचे कारण नागदेवांच्या आठवणींच्या स्मृतिस्थळ या ग्रंथात नोंदले आहे. मराठी संस्कृताहून गोड आहे किंवा श्रेष्ठ आहे, असा दावा नागदेवांनी केला नाही. त्यांनी विचारले ते इतकेच की असे लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका कुठे जातील. त्यांच्या हाती काहीच लागणार नाही. दुसऱ्या एका प्रसंगी पंडितांनी संस्कृतमिश्रित भाषेत प्रश्न केला, तेव्हा स्वामींनी आपल्याला मराठीतच शिकवले आहे, तेव्हा त्याच भाषेत विचारावे, असे त्यांनी सांगितले. भाषेचा निकाल लावताना भाषेच्या अंगभूत गुणांपेक्षा कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो ही कसोटी लावावी, असा हा युक्तिवाद आहे. सातशे वर्षांनंतरही त्याला उत्तर देणे सोपे नाही.

केसोबासांनी हा युक्तिवाद मानला. तितकेच लक्षात घेण्याजोगे हे, की नागदेवांनी त्यांच्या विद्वत्तेची टवाळी केली नाही आणि त्यांना बाजूलाही सारले नाही. लीळाचरित्राच्या विस्तारातून चक्रधरांची तत्त्ववचने वेचून, त्यांची प्रकरणवार मांडणी करण्याचे अवघड काम केसोबासांच्याच हातून नागदेवांच्या संमतीने झाले. सूत्र कसे बांधावे, किती थोड्या शब्दांत अर्थ कोंडावा, विषयांची फोड कशी करावी, हे ज्ञान त्यांना संस्कृत परंपरेनेच दिले होते. 1290च्या सुमाराचा त्यांचा सूत्रपाठ मराठी बोलीतला आहे, पण त्याचा सांगाडा शास्त्रग्रंथाचा आहे. ज्याचे म्हणणे नाकारले त्याचे कौशल्य मात्र कामाला लागले, आणि मराठी गद्याला त्यातून विचार मांडण्याचे पहिले पक्के वळण मिळाले.

त्यांच्या दृष्टांतपाठाची रचना तर अधिकच काटेकोर आहे. त्यात 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन थर: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. पहिले दोन थर चक्रधरांचे आणि तिसरा, म्हणजे दृष्टांत कशाला लागू पडतो याचा उलगडा, केसोबासांचा. गुरूचे शब्द कुठे संपतात आणि संकलकाचा अर्थ कुठे सुरू होतो हे वाचणाराला जागेवरच दिसते. उलगडा कोणाला पटला नाही तर तो केसोबासांशी वाद घालू शकतो. त्यासाठी मूळ सूत्राला धक्का लावावा लागत नाही. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांतही या संग्रहात आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा; प्रत्येकाची प्रचिती खरी, पण अपुरी. विखुरलेल्या आठवणी जुळवत बसलेल्या मंडळींना तो आपल्यालाच सांगितल्यासारखा वाटला असेल तर नवल नाही.

सूत्रे वेगळी काढल्यावर एक नवी अडचण आली. वाक्य प्रसंगातून उचलले की त्याचा अर्थ सुटा होतो. भुकेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट आणि गर्विष्ठ पंडिताला सांगितलेली गोष्ट शब्दाने सारखी असली तरी आशयाने सारखी नसते. दोन सूत्रे एकमेकांविरुद्ध जाताना दिसली की अभ्यासकांत मतभेद होत. त्यातून पंथात प्रकरणवश नावाचा लेखनप्रकार वाढला. हे सूत्र स्वामींनी कोणाला, कुठे आणि कशावरून सांगितले, त्याचा प्रसंग सूत्राला पुन्हा जोडून देणे, हे त्याचे काम. वादात समोरच्याचे वाक्य त्याच्या संदर्भासह उभे करायचे आणि मगच त्यावर बोलायचे, ही शिस्त यामुळे अभ्यासाचा भाग बनली. पुढे लक्षणे आणि भाष्ये यांचे मोठे साहित्य याच गरजेतून उभे राहिले. भीष्माचार्यांचे पंचवार्तिक हे त्याच परंपरेतले. सूत्रांचा अर्थ लावता लावता शब्दरूपांचा आणि विभक्तींचा विचार करणारा तो ग्रंथ मराठी व्याकरणाचा पहिला ज्ञात प्रयत्न म्हणून ओळखला जातो. मराठीचे व्याकरण इथे राजदरबाराच्या किंवा शाळेच्या गरजेतून जन्मले नाही. एका वाक्याचा अर्थ दोन प्रामाणिक माणसांना वेगवेगळा लागला, म्हणून ते लिहावे लागले.

या सगळ्या व्यवहारात स्त्रियांचा वाटा केवळ श्रोत्यांचा नव्हता. नागदेवांच्या नात्यातली महदाइसा, म्हणजे महदंबा, ही रामसगावची विधवा बाई. लीळाचरित्रात तिचे प्रश्न जागोजागी आहेत. उत्तर मिळाले तरी समाधान न झाल्यास ती पुन्हा विचारते, आणि तिच्या या चौकस वृत्तीचे पंथाच्या ग्रंथांत कौतुक आहे. तिने विचारले नसते तर चक्रधरांची कित्येक वचने उमटलीच नसती. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा, 1287च्या सुमारास, तिने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचून गायले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते ते यामुळे. संस्कृताचा आग्रह जिंकला असता तर बाहेर राहिली असती ती हीच माणसे.

नागदेव 1302च्या सुमारास गेले. त्यांच्या नंतरच्या पिढीतही ग्रंथ लिहून झाला की तो जाणत्या सहाध्यायांपुढे ठेवण्याचा रिवाज दिसतो. भास्करभट्ट बोरीकरांनी शिशुपाळवध लिहिला. कृष्णकथेचे हे काव्य शृंगाराने रसरसलेले आहे. एका ज्येष्ठ गुरुबंधूने ते वाचून दोन्ही गोष्टी सांगितल्या: ग्रंथ उत्तम झाला आहे, आणि संसार सोडलेल्यांच्या उपयोगाचा तो नाही. काव्य म्हणून काय साधले आणि पंथाच्या गरजेसाठी काय साधले नाही, यांची गल्लत टीकाकाराने केली नाही. भास्करभट्टांनीही शिशुपाळवध फाडून टाकला नाही किंवा टीकाकाराला उत्तर देत बसले नाहीत. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची उद्धवगीता लिहिली. हे दोन्ही ग्रंथ आज पंथाच्या सातीग्रंथांत, म्हणजे मान्य सात काव्यग्रंथांत, शेजारी-शेजारी मानाने आहेत. त्याच सातांतला ज्ञानप्रबोध विश्वनाथ बाळापुरकरांचा. त्यांचे आडनाव आजच्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचे. रिद्धपुरात सुरू झालेला मराठी शास्त्रव्यवहार वऱ्हाडात पुढे पसरला त्याची ती खूण आहे.

दरम्यान राज्य कोसळत होते. 1296मध्ये अलाउद्दीन खिलजी एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरून, देवगिरीवर उतरला. अचलपूर रिद्धपूरच्या टापूतलेच. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांची सत्ता संपली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत गेली असे पंथाची परंपरा सांगते. म्हाइंभटांनी माणसामाणसांकडून जमवलेले सगळे एका धाडीत नाहीसे झाले.

मग पुन्हा स्मरणाची पाळी आली, आणि या वेळी साक्षीदारही बहुतेक गेलेले होते. ज्यांनी पोथी पाठ केली होती त्यांनी ती सांगितली. हिराइसा नावाच्या बाईची स्मरणशक्ती विलक्षण होती आणि तिच्या आठवणीवरून एक पाठ सिद्ध झाला. परशरामबासांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा. शिवाय पिढ्यांनी चालवलेला पिढीपाठ होता. हे पाठ सर्व ठिकाणी जुळत नव्हते. कुठे गावाचे नाव निराळे, कुठे वाक्याचा क्रम उलटा, कुठे एकाच्या आठवणीतली अख्खी लीळा दुसऱ्याला ठाऊकच नाही.

इथे पंथाने जे केले त्याला जुन्या मराठीत तोड सापडणे कठीण आहे. एक पाठ अधिकृत ठरवून बाकीचे जाळून टाकण्याचा मार्ग मोकळा होता आणि जगातल्या अनेक धर्मपरंपरांनी तो वापरला आहे. लीळाचरित्राच्या नकलकारांनी मात्र जिथे फरक आढळला तिथे तो पोथीतच लिहिला. अशा पाठभेदाला पंथात वासना म्हणतात. लीळा चालू असतानाच मध्ये नोंद येते: अमक्याची वासना अशी आहे. कुठे रामेश्वरबासांचे नाव येते, कुठे परशरामबासांचे, कुठे हिराइसेचे. तपासणीअंती कोणी दुरुस्ती सुचवली असेल तर तिची शोध म्हणून वेगळी नोंद होते. वाचणारा मुख्य पाठाशी सहमत असो वा नसो, दुसरे म्हणणे काय होते आणि ते कोणाचे होते हे त्याला कळते. बाईची आठवण म्हणून हिराइसेच्या पाठाला कमी लेखले गेले नाही, हेही या नोंदींवरून दिसते.

नाकारलेले मत नावासह जपण्याची ही पद्धत किती मोलाची आहे ते विसाव्या शतकातल्या एका अगदी निराळ्या क्षेत्राकडे पाहिले की समजते. संगणकाला आज्ञा देण्यासाठी माणसांनी ज्या भाषा घडवल्या, त्यांच्या घडणीवरचे वाद असेच कडवे होते. 1958च्या सुमारास युरोपीय आणि अमेरिकी तज्ज्ञ मिळून अल्गॉल ही भाषा आखत होते. दशांश चिन्ह म्हणून टिंब वापरायचे की स्वल्पविराम, एवढ्यावरून चर्चा अडली, कारण दोन खंडांतल्या लोकांचे हात वेगळ्या खुणेला सरावलेले होते. सुटका झाली ती भाषेचे तीन स्तर मानून: व्याख्येची एक भाषा, छापण्याची दुसरी आणि यंत्राची तिसरी. आशय एक ठेवून खुणा ज्याच्या त्याने आपल्या सोयीने वापराव्यात, असा तो तोडगा होता. जानेवारी 1960मध्ये पॅरिसला तेरा जणांनी अल्गॉल 60चे स्वरूप ठरवले आणि पीटर नाउर यांनी संपादित केलेला त्याचा अहवाल त्याच्या नेमकेपणासाठी नावाजला गेला.

पुढची आवृत्ती, अल्गॉल 68, इतक्या सुखाने झाली नाही. ती आखणाऱ्या समितीतल्या एड्सगर डाइक्स्ट्रा, टोनी होर आदी सदस्यांना ती भाषा अवजड आणि चुकीच्या दिशेने गेलेली वाटली. बहुमत विरुद्ध गेल्यावर त्यांनी सह्यांनिशी अल्पमताचा अहवाल दिला, आणि तो प्रसिद्धही झाला. आज अल्गॉल 68 फारसे कोणी वापरत नाही. त्या अल्पमतातले आक्षेप मात्र भाषारचनेच्या इतिहासात अजून वाचले जातात. पायथन या भाषेच्या समुदायाने 2000 सालापासून प्रत्येक बदलासाठी लेखी प्रस्तावाची पद्धत ठेवली. प्रस्ताव कोणाचा, त्याचे कारण काय, विरोध कशावर झाला, आणि तो फेटाळला गेला असेल तर का, हे सगळे त्याच दप्तरात राहते. तरीही 2018मध्ये एका चिन्हावरून इतके वादंग माजले की भाषेचे जनक खिदो फान रोसम यांनी प्रस्ताव मंजूर करून नेतृत्व सोडले, आणि 2019पासून निवडून दिलेले मंडळ कारभार पाहू लागले. नोंद ठेवण्याची रीत असली की वादाचे दुःख संपत नाही. पण नंतर येणाराला तोच वाद मुळापासून पुन्हा घालावा लागत नाही. रिद्धपूरच्या वासना आणि पायथनचे फेटाळलेले प्रस्ताव यांत काळाचे आणि हेतूचे केवढे तरी अंतर आहे; मागे पडलेल्या म्हणण्याला जागा आणि नाव देण्याची समज मात्र दोन्हीकडे एकच आहे.

महानुभावांच्या या खुल्या व्यवहाराला एक बंद बाजूही होती. चौदाव्या शतकाच्या मध्यावर सह्याद्रिवर्णनाचे कर्ते रवळोबास यांनी सकळ लिपी तयार केली. नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे किंवा खुणा घालून मजकूर लिहायचा, अशी ती सांकेतिक लिपी. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखी अनेक लिप्या पंथात निघाल्या. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, पवित्र वचनांची हेटाळणी होऊ नये, ही त्यामागची काळजी होती, आणि त्या अस्थिर काळात ती समजण्यासारखी आहे. या लिप्यांचा एक लाभ असा झाला की पोथ्यांतली भाषा बाहेरच्या नकलकारांच्या हाताखाली बदलली नाही. यादवकालीन मराठीची रूपे तिच्यात टिकली. पंजाबात जयकृष्णी नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी या मराठी पोथ्या थेट काबूलपर्यंत नेल्या.

पण किंमतही तेवढीच मोठी पडली. म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून मराठीत लिहिलेले शास्त्र पंथाबाहेरच्या सगळ्या मराठी माणसांना पाचएकशे वर्षे वाचता आले नाही. वारकरी संतांच्या वाङ्मयाशी त्याचा उघड संवाद झाला नाही, आणि महानुभावांविषयी बाहेर जे गैरसमज पसरले त्यांना खोडून काढण्याचे साधन कुलपात राहिले. पंथाच्या आतही नागदेवांनंतर फाटे फुटले. परंपरा तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, मोजते. उपाध्ये आणि कवीश्वर हे त्यांतले प्रमुख, आणि कवीश्वर आम्नाय भास्करभट्टांच्या नावाचा. आम्नाय वेगळे झाले तरी लीळाचरित्र आणि सूत्रपाठ सर्वांनाच मान्य राहिले, ही त्यातली जमेची बाजू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्यांकडे लक्ष वेधले आणि काही महंतांनी उदार मनाने त्यांच्या चाव्या अभ्यासकांना दिल्या. तेव्हापासून हे वाङ्मय मराठीच्या इतिहासात परत आले. या कामात वऱ्हाडाने मोठा वाटा उचलला. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचे महानुभावीय मराठी वाङ्मय 1925मध्ये निघाले. वा. ना. देशपांडे यांनी स्मृतिस्थळ संपादित केले. ह. ना. नेने यांनी 1936पासून लीळाचरित्राचे भाग छापायला घेतले. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलला 1908मध्ये जन्मलेले वि. भि. कोलते यांनी तर जवळजवळ सारे आयुष्य या एका विषयाला दिले. पोथ्या मिळवण्यासाठी मठोमठ फिरणे, पाठ ताडून पाहणे, आचारधर्म आणि तत्त्वज्ञान यांची शास्त्रशुद्ध मांडणी करणे, हे सगळे त्यांनी केले. 1967च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

1978मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने कोलत्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र प्रसिद्ध केले. पंथातल्या अनेकांनी त्यातल्या काही लीळांना तीव्र हरकत घेतली. ज्या पाठाला ते प्रमाण मानत नव्हते तो चक्रधरांच्या नावाने छापला जातो आहे, हे त्यांचे दुःख होते. हाती आलेल्या पोथीत जे आहे ते लपवू नये, ही संपादकाची भूमिका होती. दोन्ही बाजूंना मूळ ग्रंथाविषयी आस्था होती. तरीही हा वाद बराच काळ कटुतेने चालला. छापील पुस्तकाला एकच मुख्य पाठ निवडावा लागतो आणि बाकीचे तळटीपांत किंवा परिशिष्टात जातात. हस्तलिखितात लीळेच्या पोटातच भेद नोंदवण्याची जी सोय होती ती छापखान्याने काढून घेतली, हेही त्या कटुतेचे एक कारण असावे.

शं. गो. तुळपुळे यांनी आपल्या आवृत्तीने लीळाचरित्र विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत नेले. अमेरिकी अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी 1983मध्ये सूत्रपाठावरचा अभ्यास आणि 1984मध्ये रिद्धपूरलीळेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999मध्ये आला, आणि त्यातल्या शब्दांचा मोठा भाग महानुभाव ग्रंथांतून घेतलेला आहे. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा राज्य सरकारने 2023च्या अर्थसंकल्पात केली आणि 2024मध्ये महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी जे पुरावे मांडले होते त्यांत वाजेश्वरीच्या देवळात लिहिलेले लीळाचरित्रही होते.